युअर मॅन

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आयर्लंड नकाशात कुठे असतं हे मला धड सांगता आलं नसतं. आज त्याच देशात, स्लायगोजवळच्या एका गावात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितेय. गोष्ट होऊन पंधरवडा झाला. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही.

सध्या जगभर एक साथ आहे, आणि इथे घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. तुम्ही न पाहिलेला तुमचा जावई औषधांच्या कारखान्यात आहे, म्हणून तो कामाला जातो. मी आणि तुमची नात घरात. आम्ही आलो आणि काही महिन्यांतच सगळ्यांची दारं बंद झाली, त्यामुळे इथल्या लोकांचं बोलणं माझ्या कानावर फारसं पडलंच नाही. लेक मात्र शाळेतून सगळं उचलून आली. मी मराठीत विचारते, ती त्यांच्या हेलात इंग्रजीत उत्तर देते. घरात बसून आम्ही तिघं एकमेकांवर खेकसायला लागलो, तेव्हा मी ठरवलं की पाच किलोमीटरच्या आत बसेल असा एक फेरा आखायचा, आणि तोही गोल. गोल का, तर तुमच्यामुळे. वेताळ टेकडीवर दर रविवारी तुम्ही नवी उतरण शोधायचात आणि मी कुरकुरले की म्हणायचात, "आलो त्याच वाटेनं परत जायला आपण काय छत्री विसरलोय?"

तर मी आणि लेकीनं नकाशा पसरला. घरामागे चुनखडीची टेकडी आहे, करडी, बोडकी, आणि पलीकडच्या उतारावर हेझलचं दाट रान. खडकावरून चढायचं, रानातून उतरायचं, ओढ्याकाठानं घरी. फक्त मधे एका म्हाताऱ्याचं मेंढ्यांचं कुरण येत होतं. त्यानं जाऊ दिलं तरच फेरा जुळणार, नाहीतर आहेच आलेली वाट. शेजारच्या बाई म्हणाल्या, जाऊन विचारा, नाही म्हणायचा नाही तो. म्हणून शनिवारी सकाळी नवरा एकटाच वर गेला, वाट बघायला आणि त्या म्हाताऱ्याला विचारायला. जेवायच्या आत ये, भात लावतेय, असं मी त्याला बजावलं होतं.

भात झाला, गार झाला. मग आमच्या अरुंद रस्त्यावरून एक अँब्युलन्स वर गेली. मी फोन लावतेय, लागत नाही. तेवढ्यात शेजारच्या बाई फाटकाशी आल्या, तोंडावर मास्क, चार हात लांब उभ्या. आवाज एकदम खाली आणून त्या म्हणाल्या, "युअर मॅन इज आफ्टर डाइंग, गॉड रेस्ट हिम. अप इन द वुड." आणि घाईघाईनं वर निघून गेल्या. मला काय ऐकू आलं सांगू? आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी नवऱ्याला 'माझा माणूस' म्हणायच्या, आठवतं ना? 'आफ्टर' म्हणजे नुकतंच, हे लेकीच्या बोलण्यावरून ठाऊक होतं: तुझा माणूस आत्ताच गेला. वर, रानात.

आता काकांचा तेव्हाचा फोन सांगते. तुम्ही टेकडीवर फिरताफिरताच गेलात, तेव्हा मी नागपूरला हॉस्टेलवर. काका म्हणाले, बाबांना जरा बरं नाही, येऊन जा. त्यांना माहीत होतं, सगळ्या घराला माहीत होतं. मी अख्खा प्रवास तुम्हाला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं याचा विचार करत आले, वाटेत मोसंबी घेतली. दारात चपलांचा एवढा ढीग, तो बघूनही मला कळलं नाही. पिशवी घेऊन आत गेले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मोसंब्यांची लाज मला आजही वाटते, बाबा, आणि काकांचा रागही येतो.

तर त्या शनिवारी मी घरात आले. लेक चित्र रंगवत होती. मी तिला म्हणाले, "डॅडला जरा बरं नाही. आपण वर जाऊन येऊ." काकांचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडातून. मी हबकले. तिनं मान वर केली आणि सरळ विचारलं, "इज ही डेड, मम?"

मी म्हणाले, "हो."

ती रडली नाही. उठली, बूट घातले, लेस बांधायला लागली, आणि ती काही केल्या बांधता येईना. मी खाली बसून बांधली. आम्ही चढाला लागलो, आणि वळणावर समोरून अँब्युलन्स खाली आली आणि तिच्यामागून माझा नवरा, धडधाकट, गळ्यातला मफलर एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवून त्याला ओढत आणतोय. पोरीनं धावत जाऊन त्याला दोन्ही मुठींनी बडव बडव बडवलं. गेला होता तो मेंढ्यांवाला, हा कुत्रा त्याचाच. नवऱ्याशी बोलता बोलताच खाली कोसळला.

'युअर मॅन' म्हणजे नवरा नव्हे म्हणे. आपण 'तो बाबा काही ऐकेना' म्हणतो, तसा बोलण्यात आलेला कुणीही एक माणूस. नवरा समजावून सांगताना हसायला लागला होता, माझा चेहरा बघून थांबला. पोर माझ्याकडे बघून घाबरली असेल इतकंच त्याला वाटतं, मी तिला 'हो' म्हणाले हे त्याला माहीत नाही. ती बिचारी काही बोललेली नाही, फक्त तो कचरा टाकायला बाहेर गेला तरी खिडकीशी जाऊन उभी राहते.

हे पत्र मी नवऱ्यालाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आहे. 'हो' म्हणाले तेव्हा माझ्या लेखी नवरा मेलेला होता, समोर लेक पांढरीफटक पडत होती. आणि बाबा, मला क्षणभर बरं वाटलं, की मी तिच्या हाती मोसंबी ठेवली नाहीत.