धावपट्टीसाठी गाडी

अमरावती,
रविवार, दि. १४ जानेवारी १९६८

प्रिय नासिर,

सप्रेम जय भीम आणि आदाब. इकडे सगळे खुशाल. अनवरीभाभींनी ईदला पाठवलेली शेवई तुझ्या दुर्गावहिनीनं माझ्यापासून लपवून ठेवली होती. ती बाबांनी शोधून काढली, संपवली, आणि वर म्हणाले, "उंदरानं नेली असन." तुझ्या अम्मींचा गुडघा कसा आहे? त्यांना माझा सलाम सांग.

आता तू सोपवलेलं काम. इथल्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेले दोन जपानी इंजिनियर मायदेशी परत चालले आहेत, आणि दोघांच्याही गाड्या विकायच्या आहेत. एक डॅटसन, चार दारांची, राखी रंगाची. दुसरी होंडा, लाल, उघडी, फक्त दोघांपुरती. स्टिअरिंग दोन्हींना आपल्यासारखं उजवीकडेच. परवानगीच्या कागदांचं मी बघतो. तुला अशी गाडी हवी की जी एरवी अकोला-पातूर रस्त्यावर गिरणीच्या कामाला धावेल, आणि फेब्रुवारीत शिवणीच्या धावपट्टीवर तुमच्या क्लबाच्या शर्यतीत पहिली येईल. म्हणजे तुला सून पण हवी आणि पैलवान पण!

होंडाचे मालक इशिझुका म्हणून आहेत. बोलणं कमी, वाकणं फार. ते वाकले की मीही वाकतो, मग ते पुन्हा वाकतात. बाबा शेवटी वैतागले. "अरे, तुमी दोघं नमस्कारच करता का गाडी दाखवता?" म्हणाले.

गेल्या गुरुवारी दोन्ही गाड्या परतवाड्यावरून चिखलदऱ्याच्या घाटात नेल्या. डॅटसन शहाणी आहे. वळणावर डुलते, पण ओरडत नाही, दगडाधोंड्यातून पोट न घासता जाते, मागच्या सीटवर बाबा झोपले सुद्धा. होंडा मात्र वेगळंच प्रकरण. इंजिन एवढंसं, आपल्या टोपलीत मावेल, पण त्याचा आवाज असा चढत जातो की आता फुटेल असं वाटतं, आणि नेमकं तिथेच त्याला जोर येतो. मागच्या चाकांना सायकलसारखी साखळी आहे, तेलाच्या पेटीत बंद. ब्रेक नवे. उजव्या मागच्या पेटीतून थोडं तेल झिरपतं. इशिझुकांनी ते मी विचारायच्या आधी स्वतः दाखवलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांना माझ्या पुढच्या सभेत व्यासपीठावर बसवायला तयार आहे.

बाबा होंडातून उतरले ते डोक्यावरचा रुमाल शोधत.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"जनावर चांगलं आहे. पन हे बसू देनारं नाही, पळवनारं आहे."

"मग घ्यायची का नाही?"

"घेनारा कोन, त्याच्यावर आहे. मले काहून विचारतं?"

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोणतीही गाडी घेतलीस तरी तिच्यापुढे नारळ नको, बंपरला लिंबू-मिरची नको, आरशाला ताईत नको. तुमच्याकडचे नि आमच्याकडचे, दोन्ही बाजूंचे म्हातारे याबाबतीत एकदम एक होतात. माणसानं बुद्धीनं बनवलेली वस्तू बुद्धीनंच चालवावी, डोळे उघडे ठेवून.

हे शेवटचं वाक्य लिहून मी थांबलो. पेन खाली ठेवलं, घोटभर चहा घेतला, पुन्हा गाडीच्या टायरांबद्दल अर्धं पान लिहिलं आणि फाडलं. हजारो माणसांपुढे उभा राहून मी जमीनदाराला जमीनदार आणि ढोंग्याला ढोंगी म्हणतो. तुला एक गोष्ट सांगायची तर टायरांआड लपतो आहे. आता नाही लपत.

नासिर, तुझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाही.

गेल्या महिन्यात पातूरच्या रस्त्यावर तू चालवत होतास त्या जीपनं उभ्या बैलगाडीचं चाक घासलं. तू गाडीवान किसनरावाला झापलंस, आणि तो बिचारा म्हणत होता, "मालक, मी तं कवाचा उभाच हाओ!" खरोखर उभाच होता. डाव्या बाजूला. तुझ्या घरी जेवताना तू पाण्याचा पेला दोनदा सांडलास, आणि दोन्ही वेळा म्हणालास, पेला कोणी इकडं सरकवला? मी डावीकडून बोललो की तू मान नाही, पूर्ण अंग वळवतोस. मी भाभींना निघताना विचारलं. त्या दारातच उभ्या होत्या. "भाईजान, मैं क्या बोलूँ? हे मानतच नाहीत. तुम्हीच बघा आता," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

म्हणजे तुला ठाऊक आहे. भाभींना ठाऊक आहे. फक्त तुमच्या क्लबाला, अम्मींना आणि मला ठाऊक नव्हतं. आणि तू दोन-दोन गाड्या शेजारी सुटणाऱ्या त्या धावपट्टीवर उतरणार! डावीकडची गाडी तुझ्याकडे सरकली तर तुला आवाजाशिवाय काही कळणार नाही, आणि होंडात बसल्यावर दुसरा आवाज ऐकूच येत नाही.

काल बाबांना सांगितलं. मला वाटलं, म्हणतील, पोराला रोख. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग त्यांनी तुझ्या-माझ्या बापांच्या पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीची गोष्ट काढली. तुला आठवत असेल, एक बैल आमचा, एक तुझ्या अब्बांचा, गयासुद्दीनचाचांचा. तुमच्या बैलाचा डावा डोळा गेला तेव्हा लोक म्हणाले, आता हा पटातून बाद. चाचांनी त्याला जोडीत कायम उजवीकडे जुंपलं. चांगला डोळा बाहेर, आंधळी बाजू सोबत्याकडे. "त्याले मालूम होतं, तिकडं आपला मानूस आहे," बाबा म्हणाले. "पन चाचानं त्याचा डोळा कोनापासून चोरला नाही. सुटायच्या आधी साऱ्या पटात सांगे."

म्हणून माझा निर्णय असा. होंडा घे. डॅटसन नको. तिच्यात तू अम्मी, भाभी, पोरं सगळ्यांना मागे भरशील आणि शेजारची सीट रिकामी ठेवून रुबाबात निघशील, मला तू पक्का माहीत आहेस. होंडात मागे कोणी बसूच शकत नाही. शेजारी, तुझ्या डाव्या हाताला, एकच जागा आहे. रस्त्यावर तिथे कोणीतरी असल्याशिवाय तू गाडी हलवायची नाही. मी असेन, नाहीतर भाभी. आणि त्याही आधी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं. त्यांनी चालवू नको म्हटलं तर चालवायची नाही, मग भाभींना शिकवायची. स्त्रीच्या बरोबरीवर मी एवढी भाषणं ठोकतो, एक शिष्या तरी तयार होऊ दे.

शर्यत? दुसऱ्या गाडीच्या शेजारी नाही. डॉक्टरांनी होकार दिला तर एकट्यानं, घड्याळाशी, आणि क्लबाला डोळ्याचं सांगून. हरलास तर मी टाळ्या वाजवीन. जिंकलास तर भाषण करीन. दोन्ही तुला सोसावं लागेल.

रागावशील. तीन दिवस पत्र लिहिणार नाहीस, मग चौथ्या दिवशी शिव्यांनी भरलेलं येईल. येऊ दे. तू माझ्यावर रागावलेला जिवंत हवा आहेस.

इशिझुकांनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. ती पोस्टानं येणार नाही. तू रेल्वेनं बडनेऱ्याला ये, जीपनं नाही. मी फलाटावर तुझ्या डाव्या बाजूला उभा राहीन आणि हाक मारणार नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ते किती जड जाईल ते तूच जाण. तू इकडेतिकडे वळून शोधू नकोस, आणि ठीक असल्याचं सोंग आणू नकोस. चारचौघांत मोठ्यानं फक्त एवढं विचार, "धर्मा, कुठं आहेस? मले दिसत नाही."

मग गाडी तुझी.

तुझ्या हाकेसाठी गप्प उभा राहणारा,
धर्मपाल