कार्डावर फुलदाणी

९ डिसें., मंगळ.
सहलीला परवानगी मिळाली एकदाची. चौथीची बावीस पोरं आणि मी एकटी. शिंदे सरांची कंबर नेमकी आजच धरली! कडेगावहून निघून साताऱ्याच्या अलीकडचा सरदारांचा राजवाडा, त्यातलं संग्रहालय. कशाला हात लावायचा नाही, दहादा बजावलं.

११ डिसें., गुरु.
वाटेत तिघं ओकली. राजवाड्याच्या दारात सगळ्यांनी आपणहून चपला काढल्या, पहारेकरी हसत सुटला. तलवारींपुढून पोरं हलेनात. मग भांड्यांचं दालन. काचेमागं रुंद काठाचं पितळी भांडं, वर भोकांची जाळी. कार्डावर : फुलदाणी. रेश्मा (वडील कल्हईवाले) म्हणाली, "बाई, फुलदाणी न्हाई ही. तस्त हाय. आमच्यात पावण्यांचं हात धुवाया म्होरं धरत्यात."
मी म्हटलं, "कार्ड लिहिणाऱ्यापेक्षा तू शहाणी का गं?"
पोरं फिदीफिदी हसली. माझं डोकं उठलं होतं, पण म्हणून काय...

१३ डिसें., शनि.
वर्गात तिचं नाव पडलंय, फुलदाणी. दोघांना उभं केलं. पण सुरुवात कुणी केली? एरवी हात वर करण्यात रेश्मा पहिली. आज एकदाही नाही.

१५ डिसें., सोम.
शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. तिची दादी म्हणाली, "आवं बाई, जेवल्याबिगर कशा जाता? लय दिसांनी कोन मास्तरीन आली दारात."
जेवणाआधी वडिलांनी तस्त पुढं धरलं, दादीनं पाणी घातलं. तसाच काठ, तशीच जाळी. बोटांवरचा खडू धुऊन भोकांतून खाली गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रेश्मा आतच बसून राहिली.

१६ डिसें., मंगळ.
भर वर्गात सांगितलं, रेश्मा बरोबर, कार्ड चूक, आणि मी त्याहून चूक. माफी मागितली. ती खाली बघून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की बाई." संग्रहालयाला पत्र टाकलं.

१९ डिसें., शुक्र.
फळ्यावर गुणाकार चुकला. मुद्दाम नाही, हातचा विसरले. वह्या बघत फिरताना लक्षात आलं, कारण रेश्माच्या वहीत उत्तर बरोबर होतं. मी काही बोलायच्या आत तिनं फळ्याकडं पाहिलं, खोडरबर घेतलं, आपलं उत्तर पुसलं आणि माझं लिहिलं.