ताडपत्री काढलेला टांगा

९ जानेवारी १९४७, गुरुवार. सीताबर्डी, हॉटेलची खोली.

त्या शुक्रवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. शेगडीवर दूध, चुलीवर पाण्याचं तपेलं. हे खिडकीपाशी दाढीला बसलेले. म्हणाले, "पाणी गार झालं, थोडं कढत दे." म्हटलं, दूध वर येतंय, थांबा जरा. दूध उतरवलं, फडक्याने तपेल्याचे कान धरले, वळले. हे तसेच बसलेले. आरसा हातात, अर्ध्या गालावर साबण. एवढंच. कराचीतली रोजची सकाळ, त्यात वेगळं काही नव्हतं. उरलेली अर्धी दाढी शेजारच्या कुलकर्ण्यांनी केली.

आज सातवा दिवस. दहावा रविवारी.

रेल्वेने चार दिवस, तेही तिकीट मिळालं तर. ह्यांच्या साहेबाने विमानात जागा मिळवून दिली. काल विमानात चढायच्या आधी माणसांची वजनं केली. सामानाची करतात हे ठाऊक होतं, माणसांची करतात हे नव्हतं. कारकून म्हणाला, हातातलं गाठोडं खाली ठेवा. ठेवलं नाही. म्हणाला, बरं, घेऊनच उभ्या राहा. मग मी आणि हे एकत्र काट्यावर चढलो. त्याने एकच आकडा लिहिला.

गाठोड्यात पितळेचा गडू. तोंड पांढऱ्या फडक्याने बांधलेलं. अस्थी छपराखाली नेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. विमानाला छप्पर असतं हे चढल्यावर लक्षात आलं. इलाज नव्हता. मुंबईला मध्येच उतरवून बाकावर बसवलं, पुन्हा चढवलं. कानात कापूस. रात्रभर गडू मांडीवर. झोप नाही, रडूही नाही.

उजाडता उजाडता विमान सोनेगावला उतरलं. मैदानावर धुकं. थंडी अशी की दात वाजले. बापूभाऊजींना, म्हणजे धाकट्या दिरांना, तार केली होती. येतील असं धरून चालले नव्हते, तरी कुंपणाशी उभी प्रत्येक शाल मी पाहून घेतली.

नव्हते.

उतारूंना गावात न्यायला मोटार उभी होती. ड्रायव्हरने सामान चढवलं, गाठोड्याला हात घालायला गेला. "काय आहे?" मी सांगितलं. त्याने हात मागे घेतला. आतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला, जणू वास येतोय. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बाई, लोणचं म्हटलं असतं तरी चाललं असतं." खरं आहे. पण ह्यांना लोणचं म्हणायला जीभ वळली नाही. मोटार गेली. ट्रंक, वळकटी आणि मी धुक्यात.

कँटीनला दूध घालायला एक टांगा आला होता. टांगेवाला महादू, साठीचा असावा. त्यालाही खरंच सांगितलं. त्याने घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाह्य ना माय, मी नाही म्हनत नाही. पन याच टांग्यात दूध असते. लोकाईले समजलं त माह्या दुधाले कोन हात लावन?"

म्हटलं, मग?

"खाली घोड्याच्या गवताची जाळी आहे. त्यात ठेवतो."

म्हटलं, हे जन्मभर कुणाच्या पायाखाली बसले नाहीत.

"मंग हातात धर. पन हात बाहेर ठेव, छताच्या बाहेर."

तसं बसले. उजवा हात बाहेर, हातात गडू. वाटेतल्या विहिरीपर्यंत आलो असू, हात भरून आला, गडू खाली झुकायला लागला. महादूने मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं, पुन्हा मागे. मग टांगा थांबवला. खाली उतरून ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागला.

"काय करून राहिले गा?" मी विचारलं. बारा वर्षांनी तोंडातून इकडची बोली निघाली, माझं मलाच नवल.

"छतच काढून टाकतो. छत नाही त छताखाली कोन? घे, आता मांडीवर घे मालकाले."

ताडपत्री घडी करून त्याने बुडाखाली घेतली. वर्धा रोडने सीताबर्डीपर्यंत आम्ही उघड्या टांग्यात आलो. वरून दव. समोरून संत्र्यांच्या गाड्या. एकाने ओरडून विचारलं, "महादू, छत कोनी चोरलं गा?" हा म्हणाला, "ऊन खाऊन राहिलो." ऊन कुठेच नव्हतं.

हॉटेलचे मॅनेजर अय्यर. फाटकातच सगळं सांगून टाकलं, पुन्हा उतरावं लागायला नको. त्यांनी थोडा विचार केला. "बाई, खोली तुमची. झाड सगळ्यांचं. झाडाला मी भाडं लावत नाही."

अंगणात कडुनिंब आहे. खालच्या फांदीला गडू टांगला. माझी खिडकी समोरच.

१० जानेवारी, शुक्रवार

उठल्याबरोबर खिडकी. आहे.

झाडाखाली खुर्च्या टाकून लोक चहा पितात. एक सरकीचे व्यापारी फांदीकडे बघून म्हणाले, "बाई, तूप का? कावळे सोडायचे नाहीत." म्हटलं, माझे यजमान आहेत. त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची उचलली आणि दूर नेऊन ठेवली. थोड्या वेळाने परत आले, हात जोडले, पुन्हा दूर. मला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग वाईट वाटलं, मग ते वाटणंही गेलं.

रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यावर दहावा कोण करणार? मूल नाही. म्हणजे भाऊजीच. अय्यरांनी एका गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, कुणीही पुरुष चालेल, अगदीच नसेल तर मी दर्भ हातात घेऊन करीन. बाईचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

दुपारी महादूजवळ चिठ्ठी दिली. महाल पेठेतल्या सासरच्या घरी, भाऊजींना. चिठ्ठीत चारच ओळी. ह्यांना आणलं आहे. सीताबर्डीला उतरले आहे. रविवारी सातच्या गाडीने रामटेक. तुम्ही यावं.

संध्याकाळी महादू आला.

"भेटले?"

"भेटले. दारातच उभे होते. चिठ्ठी दोनदा वाचली."

"काय म्हणाले?"

"म्हने, कळलं."

"बस?"

"बस. मंग मले म्हनते, इमानानं काहून आनलं? एवढी कायची घाई?"

"तुम्ही काय सांगितलं?"

"मले काय ठाव? म्या म्हटलं, तुमीच इचारा वहिनीले, थे काही चावत नाही."

चावत नाही! कपाळाला हात लावला.

"मग?"

"मंग आत गेले. पन दार नाही लावलं वं माय. मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो तवाबी उघडंच होतं."

महालात दिवसा दारं उघडीच असतात. हे त्याला सांगितलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

हे लिहून टाकते. कुणाला सांगितलेलं नाही.

मामंजी गेले त्याला बारा वर्षं झाली. आम्ही नुकतेच कराचीला गेलो होतो. तार आठवडाभर उशिरा मिळाली; त्याच रात्री हे निघाले, पण पोचले बाराव्या दिवशी. दहावा होऊन गेलेला. थोरला मुलगा असून सगळं धाकट्याने केलं. हे तसेच अंबाळ्याला जाऊन आले. परतल्यावर एवढंच म्हणाले, "मी गेलो तेव्हा पाणीसुद्धा निवळलं होतं."

मग भाऊजींचं कार्ड आलं. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. ह्यांनी उभ्यानेच वाचलं. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, "सगळे खुशाल आहेत. तुला नमस्कार सांगितलाय."

मी वाचायला आपली आपण शिकले. आरत्या पाठ होत्या, छापलेल्या आरतीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, म्हणजे कुठलं अक्षर कुठला आवाज ते कळतं. दोन वर्षं लागली. ह्यांना नवल वाटायचं, वर्तमानपत्राचा अर्धा भाग मला काढून द्यायचे. एकदा ट्रंकेतल्या गरम कपड्यांना ऊन दाखवताना ते कार्ड सापडलं. वाचलं. "दहाव्याला जो येत नाही तो ह्या घरचा नाही. पुन्हा ह्या दारात पाय ठेवू नये." खाली सही. नमस्कार बिमस्कार काही नाही.

होतं तसं घडी करून ठेवलं. मी वाचलं हे ह्यांना कधी कळलं नाही. दर दिवाळीला म्हणायचे, "बापूचं पत्र नाही आलं, कामात असेल." मी म्हणायची, असतील.

म्हणून विमान. ह्या खेपेला उशीर नको होता. भाऊजींनी विचारलं ना, एवढी कायची घाई. ही घाई.

ते उद्या आले नाहीत तर गुरुजींचा दर्भ आहे. नाहीतर माझा हात आहे, कोण काय म्हणेल ते म्हणो. विधी अडणार नाही. अडेल ते दुसरंच. बारा वर्षं हे त्या घरचे नव्हते. उद्याही नसले, तर मग कायमचेच. पाण्यात गेल्यावर कोण कुणाला परत घरात घेतो?

मी रागावले आहे का भाऊजींवर? बघितलं शोधून. नाही. बाप गेला, थोरला भाऊ नाही, सगळ्या गावासमोर एकट्याने डोकं भादरून बसले. तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. लिहून गेलं असेल. मग ते परत कसं घ्यावं हे कळलं नसेल. पुरुषांना ते कळत नाही. ह्यांनाही कुठे कळलं?

महादू पहाटे पाचला येतो म्हणाला. विचारत होता, "रेलगाडीले बी छत असते माय. खिडकीबाहेर धरशील का?" धरीन म्हटलं. "तिथं मी नाही दोऱ्या सोडाले." म्हटलं, ठाऊक आहे.

झोपण्यापूर्वी एकदा झाडाखाली जाऊन आले. फडक्याची गाठ पाहिली. पक्की आहे.

१२ जानेवारी, रविवार. स्टेशनवर, पेन्सिलीने.

पाचला महादू आला. ताडपत्री आधीच काढून आणली होती. अय्यर कंदील घेऊन झाडाशी उभे राहिले. मी गडू उतरवला. त्यांनी फांदीला हात लावून नमस्कार केला, का ते मी विचारलं नाही.

महादूला म्हटलं, स्टेशनवर नंतर. आधी महाल.

घर तसंच. ओटा नवा बांधलाय. टांगा रस्त्याच्या मधोमध उभा करायला सांगितला. उतरले नाही. दारात पाय ठेवू नये असं लिहिलं होतं, ह्यांनी ते बारा वर्षं पाळलं, मी आज मोडणार नव्हते. गडू मांडीवर धरून बसल्या जागेवरून हाक मारली. "बापूभाऊजी, सातच्या गाडीने आम्ही निघतोय." आवाज मोठा निघाला. समोरच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली.

आत दिवा लागला. कुणीतरी चाललं. जाऊबाईंचा आवाज आला, "अवं, कोन आहे?" आणि भाऊजींचा, "थांब, मले पाहू दे." महादूने घोड्याला पाणी पाजलं. घोड्याचं पाणी पिऊन झालं तरी महादू बादली धरूनच उभा होता.

दार उघडलं नाही. दिवा विझलाही नाही.

म्हटलं, चला.

स्टेशनवर खिडकीशी गर्दी नव्हती. बाबूने विचारलं, "किती?" मी दोन म्हटलं. तो माझ्या मागे बघायला लागला, दुसरं माणूस कुठे आहे म्हणून. ह्यांना तिकीट लागत नाही आणि ज्यांना लागेल ते भाऊजी अजून आले नाहीत, हे त्याला काय सांगू.

गाडी सुटायला अजून वीस मिनिटं आहेत. मी दोन तिकिटं काढली आणि फलाटाच्या शेवटच्या टोकाला, जिथे वर पत्रा नाही, तिथे येऊन बसले.