दोन मुठींच्या करवतीचा ट्रस्ट

मी, खाली सही करणारा सुतार, वय ऐंशीच्या पुढे, डोकं ठिकाणावर ठेवून हे लिहितोय. हात थरथरतो म्हणून अक्षर वाकडं. त्यावरून कोणी वाद घालू नये. दबाव कोणाचाही नाही. माझ्यावर दबाव टाकणारी एकच होती, ती सात वर्षांपूर्वी गेली.

१. राहतं घर थोरलीला आणि धाकट्याला, अर्धं-अर्धं. माडीवरच्या खिडकीवरून भांडू नका, ती तशीही उघडत नाही.

२. कारखाना मात्र कोणालाच नाही. तो, आतली अवजारं आणि बँकेतली ठेव धर्मादाय ट्रस्टला. ट्रस्टनं गरजूंना कुबड्या करून फुकट द्यायच्या. कारखाना विकायचा नाही. तुमच्या आईचा पाय मोडला तेव्हा तिला हलक्या लाकडाची जोडी करून दिली होती. दारात कोणी लंगडत आलं की ती आपली जोडी देऊन टाकायची आणि स्वतः भिंत धरून चालायची. मी ओरडलो की म्हणायची, "तुम्ही आहात ना, करा दुसरी." अकरा जोड्या केल्या. भिंतीवर तिच्या हाताचा पट्टा अजून आहे. तिथे रंग द्यायचा नाही.

३. विश्वस्त दोघंच, थोरली नि धाकटा. आई दवाखान्यात असताना धाकट्यानं कारखाना विकायला गिऱ्हाईक आणलं, थोरलीनं त्या गिऱ्हाइकाला पटाशी दाखवून हाकललं. तेव्हापासून बहीणभाऊ बोलत नाहीत. वकील म्हणाले, "काका, तिसरा विश्वस्त घ्या, नाहीतर काम अडेल." म्हटलं, अडू दे. दोघांच्या सहीशिवाय एक फळीसुद्धा आत येणार नाही.

४. लहान रंधा समोरच्या कुलूपवाल्याला देऊ नये. एकदा नेला, पातं बोथट करून आणला, वर म्हणतो, "असाच होता."

५. मोठी करवत दोघांची. शाळेतून आलात की एकेक मूठ धरायचात. धाकटा ढकलायचा, पातं वाकायचं, थोरली किंचाळायची, "अरे, नुसतं ओढ! परत मी ओढते ना!" आई आतून हसायची. ट्रस्टच्या पहिल्या कुबडीचं लाकूड याच करवतीनं दोघांनी कापायचं. मशीन लावलेलं चालणार नाही.

सही: सुतार
साक्षीदार: पायाचे डॉक्टर, समोरचा कुलूपवाला (कलम चार त्याला वाचायला दिलेलं नाही)
ठिकाण: कारखान्यातलं टेबल
दिनांक: ९ मार्च, ती गेली तीच तारीख

ता. क. करवतीला आज कानस मारली. ओंडका चढवून ठेवलाय. मी मरायची वाट कशाला बघता? रविवारी या, दोघंही.