मिसबाईंचा नवस

११ जाने. ९८, रविवार
शेजारच्या मळ्यातल्या सरूबाईंनी परवा दिलेला नारळ काल मी चटणीत घातला. चटणी झकास झाली होती. आज चर्चच्या उपासनेहून परतले तर सरूबाई कुंपणाशी उभ्या. नारळ कुठे ठेवलाय, विचारत होत्या. मी हसून पोटावर हात ठेवला. त्या हसल्या नाहीत.
तो नवसाचा होता. त्यांच्या सुनेला, सुनीताला, चौथा महिना आहे. आधीची दोन राहिली नाहीत. परवा हे सांगताना त्यांचे डोळे भरले म्हणून मी तिथेच, मेथीच्या वाफ्याजवळ, हात जोडून प्रार्थना केली. मग त्यांनी नारळ पुढे केला, मी 'थँक्यू' म्हणून घेतला. मला वाटलं शेजारधर्म. त्यांच्या लेखी मी येशूच्या वतीने नवस घेतला होता. मूल सुखरूप झालं तर त्याची गुळाने तुला करायची, तीही आमच्या चर्चमध्ये. तोवर नारळ जपायचा.
न्यूझीलंड सोडून नाशकात सतरा वर्षं काढली, तरी एवढं कळू नये मला.

१२ जाने.
नवा नारळ आला. लाल फडक्यात, दोन गाठी मारून. या खेपेला बजावून सांगितलं. स्वयंपाकघरात ठेवायला माझाच माझ्यावर भरवसा नाही. पुस्तकांच्या फळीवर ठेवला, जाड शब्दकोशाला टेकून.
म्हणायला हवं होतं की आमच्यात नवस नसतो. म्हणाले नाही. त्यांचं तोंड पाहून धीर झाला नाही.

१७ जाने.
चर्चचे पाळकसाहेब चहाला. त्यांची नजर थेट फळीवर. हे काय, म्हणाले. नारळ, म्हटलं. ते दिसतंय, म्हणाले.
सगळं सांगितलं. मग दहा मिनिटं व्याख्यान: देवाशी सौदा करायचा नसतो, ही कृपा आहे, बाजार नव्हे, मिसबाईंनी तरी भान ठेवायला हवं. सगळं बरोबर. मी मान डोलावत बसले. उठताना दारात चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, पोरीची तब्येत कशी आहे? बरी आहे, म्हटलं. "मग सांभाळा तो नारळ," म्हणाले पा.सा.

३ फेब्रु.
आईचं पत्र. अक्षर आता पूर्वीच्या दुप्पट मोठं, एका पानावर सात ओळी. दिसत नाही म्हणून. लिहिते की मेंढ्यांची लोकर कातरून झाली, चुलत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि तू मेमध्ये नक्की ना? नक्की शब्दाखाली रेघ.
नक्की. तिकीट आलंय. ३ मे, मुंबईहून. सहा वर्षांनी घरी. न्यूझीलंडला तेव्हा थंडी असेल. स्वेटर शोधायला हवा. पेटीत उंदरांनी ठेवला असला तर.
आई चौऱ्याऐंशीची आहे. मागच्या खेपेला निघताना ती फाटकाशी उभी राहून हात हलवत होती. मी वळणावरून मागे पाहिलं तर मी गेले त्या दिशेला नाही, भलत्याच दिशेला हात हलवत होती. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

१५ फेब्रु., रविवार
निवडणुकीचे भोंगे. पा.सां.चा उपदेश कुणाच्या कानात गेला देव जाणे, आमच्या कानात सगळे उमेदवार गेले.
दुपारी मळ्यात गेले. सरूबाई शेवंती तोडत होत्या. आज बोलायचंच असं ठरवून बसले. म्हटलं, आमचा देव बदल्यात काही मागत नाही, जे देतो ते फुकट देतो. मला वाटलं छान बोलले. त्यांनी चार फुलं तोडली, मग म्हणाल्या, "फुकटचं टिकत नाय बाई. पोर टिकायला पायजे."
 मीही फुलं तोडू लागले. चुकीची तोडली, अर्धी उमललेली. बोलणी खाल्ली.

१५ मार्च, रविवार
सुनीताचं डोहाळजेवण. गुपचूप, घरातल्या घरात. दृष्ट लागेल म्हणून सरूबाईंनी कुणाला बोलावलं नाही. कुणाला म्हणजे वीसच बायका.
मी कोपऱ्यात भिंतीशी. ओटी भरायची वेळ आली तेव्हा सरूबाईंनी मला हाक मारली. एक मावशी कुजबुजली, यांचं लग्न झालेलं नाही, यांनी कशी भरायची. सरूबाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तांदळाची मूठ माझ्या हातात दिली. मी भरली. निम्मे तांदूळ जमिनीवर.
झाकल्या वाट्यांतून सुनीताने बर्फी उघडली. मुलगी, मुलगी, असा गलका. ती हसली, पण हात पोटावरून काढला नाही. तिला सुखाने हसताही येत नाही बिचारीला.

२७ मार्च, शुक्र.
अकराला सरूबाई धावत. सुनीताला कळा. सातवाच महिना. सरूबाईंचा मुलगा, भास्कर, फुलांची गाडी घेऊन मालेगावला गेलेला. रिक्षा मीच आणली. रस्ताभर सुनीताने माझं मनगट धरून ठेवलं होतं, अजून वळ आहेत.
डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, दोघांचंही अवघड आहे, प्रयत्न करतो. आणि आत गेल्या. सरूबाई बाकावर डोळे मिटून, ओठ हलतायत. कुणाकुणाला हाक मारत होत्या कोण जाणे. मीही डोळे मिटले. नेहमीची प्रार्थना येईना. आली ती अशी: देवा, या पोरीला आणि पोराला वाचव, मी मेमध्ये घरी जाणार नाही.
असं मी बोलले. मनातल्या मनात, पण शब्दन् शब्द. मराठीत.
दोन वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. सुनीता शुद्धीवर आहे.

२८ मार्च
पोर जिवंत आहे. माझ्या तळहातावर मावेल. तोंड मात्र भलतं रागीट.
सगळ्या बायका म्हणतात सातमाशी जगतं. मी सगळ्यांवर विश्वास ठेवायला तयार आहे.

३० मार्च
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मळ्यात बसून सरूबाईंना कृपा शिकवणारी मी, आणि पहिल्याच फटक्याला देवासमोर तराजू धरून उभी. तेही काय टाकलं पारड्यात? आईला.
स्वतःची लाज वाटते. आणि खरं लिहायचं तर, पोर वाचते आहे म्हणून आनंदही होतो, आणि त्या आनंदात भीती आहे.

१० एप्रिल, उत्तम शुक्रवार
तीन तासांची उपासना. गरम. पंखा बंद. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी चौथ्याला मी झोपले. क्षमा असावी.
उपासनेनंतर दवाखान्यात. पोर दूध ओढू लागलीय.

१४ एप्रिल
घरी आणली! सरूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझ्यावरूनही ओवाळला. मला कशाची दृष्ट लागणार, म्हटलं. लागते, म्हणाल्या, गोऱ्या माणसाला लौकर.

१९ एप्रिल, रविवार
तुला झाली. चर्चमध्ये नाही. पा.सा. म्हणाले आत तराजू नको. पण उपासना संपल्यावर अंगणात चिंचेखाली कुणी आभार मानत असेल तर ते कोण अडवणार? आणि स्वतःच खुर्ची घेऊन पुढे बसले.
सरूबाईंनी भाजीचा तराजू आणला, पारड्यात नवी गोधडी. एका बाजूला पोर, दुसऱ्या बाजूला गूळ. पोर इतकीशी की अर्ध्या ढेपेतच काटा सरळ. सरूबाईंचं तोंड उतरलं. एवढाच कसा, म्हणाल्या, देवाला फसवल्यासारखं वाटतं. अजून दोन खडे टाकले, मग पोरच वर गेली आणि किंचाळली. संडे स्कूलच्या पोरांनी गूळ जागच्या जागी फस्त केला. पा.सां.च्या मिशीलाही गूळ.
सगळे हसत होते. मीही. नवस फिटला त्यांचा. माझा राहिलाय.

२२ एप्रिल
सरूबाई गोधडी घेऊन आल्या. माझ्या आईसाठी शिवलीय, जुन्या लुगड्यांची, चारही कडांना निळा काठ. न्यूझीलंडला थंडी असती ना, म्हणाल्या. विमानात नेऊ देतात का?
मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. बाकावरचं, शब्दन् शब्द. तिकीट परत करणार आहे म्हटलं.
वाटलं होतं डोळ्यांना पदर लावतील. भडकल्या. "सोताचं काय बी बोला बाई. आईचं बोलायचं नसतं. ती काय तुमची एकटीची हाय? तिला इचारलं होतं?" गोधडी पलंगावर टाकून गेल्या.

२३ एप्रिल
पा.सां.ना विचारलं. ते म्हणाले, मिसबाई, असला नवस देव मानत नाही, खुशाल जा. मी म्हटलं, नवस बोललात तर फेडायला उशीर करू नका, असंही शास्त्रात आहे; महिला सभेत मीच शिकवलंय. आहे खरं, म्हणाले. मग बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले. चहा थंड झाला होता.

२५ एप्रिल
सकाळी आठला पी.सी.ओ.त. आईला ऐकू कमी येतं म्हणून ओरडून बोलावं लागलं. कदाचित येणं होणार नाही. का? एका बाळामुळे. कुणाच्या? शेजारच्या! बूथवाला, त्याची बायको, रांगेतले तिघं, सगळे ऐकत होते.
 आईने विचारलं, बाळाचं वजन किती. मग म्हणाली, तुझ्या पलंगावरची गादी उन्हात घातली होती, ती राहू देते तशीच, कधीतरी लागेलच.
बाहेर येऊन रडले. बूथवाल्याने पाणी दिलं आणि म्हणाला, लाइन छान लागली ना आज.

२७ एप्रिल
सरूबाई आल्या, पाच दिवसांनी. पोरीला पदरात गुंडाळून. बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, नवस बोललेल्यानेच फेडायला हवा असं काही नसतं. घरच्या दुसऱ्या माणसाने फेडला तरी चालतो. त्यांच्या सासऱ्यांचा त्यांच्या नवऱ्याने फेडलाय.
मी म्हटलं, माझ्या घरचं कोण आहे इथे?
"मी हाय ना. तुम्ही आईकडं जायचं सोडलं होतं. मी सोडते. यंदा आखाजीला माहेरी जायची नाय. झालं, फिटला. तुम्ही जा."
सरूबाईंचं माहेर बागलाणात, सटाण्याजवळ. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, भाऊ न्यायला येतो, चार दिवस त्या लेक होऊन राहतात. झोका, गाणी, मांडे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, एकही आखाजी चुकलेली नाही. वर्षभर त्या चार दिवसांवर बोलत असतात. मी नाही नाही म्हणत राहिले. त्या पोरीचं नाक पुसत राहिल्या.

२९ एप्रिल, आखाजी
सकाळी नऊला सरूबाईंचे भाऊ आले. पांढरी टोपी, हातात आंब्यांची पिशवी. सरूबाईंनी पाणी दिलं, जेवू घातलं आणि सांगितलं, यंदा नाही. कारण सांगितलं नाही. भाऊ बिचारे माझ्याकडे पाहायला लागले, मी जमिनीकडे.
"माय तुन्ही वाट देखी राहिनी," एवढंच म्हणाले ते बहिणीला.
सरूबाईंची आई आहे हे मला माहीत होतं. नव्वदीची आहे, दिवाळीपासून अंथरुणाला आहे, हे आज भावाकडून कळलं. सरूबाई एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आणि मला म्हणे, आईचं बोलायचं नसतं.
मी त्यांना आत ओढून नेलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघा, माझा नवस कुणी फेडायला नको, देव असल्या गोष्टी धरून बसत नाही.
"मंग तुम्ही तिकीट परत करायला कशापायी निघाला होता?"
  त्यांनी पाट घेतला आणि आंबे पिळायला बसल्या.
सतरा वर्षं या गावात मी एकच गोष्ट सांगत आले की आपलं देणं दुसऱ्या कुणीतरी क्रुसावर फेडलं, आपण फक्त घ्यायचं. महिला सभेत, दवाखान्यात, कुंपणाशी. किती सहज सांगत होते. आज एक बाई माझ्यासमोर बसून माझं फेडतेय, आणि मला ते घेववत नाही. मनगटापर्यंत रस आलाय त्यांच्या, मदतीला गेले तर कोपराने ढकललं.
माझ्या टेबलावर तिकीट आहे, पलंगावर गोधडी. सुनीता पोरीला झोळीत घालून झोका देतेय. भाऊ ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसलेत. सटाण्याची एस.टी. पाचला आहे, तोवर बहिणीसाठी थांबतो म्हणाले. सव्वाचार झालेत.