आईच्या थडग्यातली उरलेली जागा

किलाराथ, गॉलवे
३ मे १९८७

चि. जार्लथ यास,
डेलियाताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. चार ओळी लिहायला आठ महिने लागले, हात नाही ना रे दुखला? इथे बटाटे लावून झाले. गुडघा माझं ऐकत नाही, बाकी ठीक.

खरी बातमी ही की आपल्या पडक्या चर्चवर सरकारी माणसं आलीत. वेली काढून भिंती सावरणार आहेत. त्यांची प्रमुख मिस लीही, वयाने पोरगीच, पण दगडाला हात लावून त्याचं वय सांगते. मधली कमान आठशे वर्षांची, आणि पूर्वेची जोडखिडकी त्यानंतर तीनशे वर्षांनी बसवली म्हणे. त्याच खिडकीत बसून आपण चोरलेली सफरचंदं खायचो, हे मी तिला सांगितलं नाही.

आता आत नवीन थडगं करायला बंदी. जुन्या थडग्यात जागा उरली असेल, तर ती कोणाची ते आत्ताच कागदावर लिहून द्यायचं. आपली एकच उरलीय, खिडकीखाली, बाबांच्या शेजारी, आईच्या वर. तू प्रत्येक पत्रात रडतोस की मला बॉस्टनच्या मातीत नको, आईजवळ ने. घे बाबा, तुला दिली. मी नव्या दफनभूमीत जाईन. फेस्टस इंग्लंडात रस्ते बांधता बांधता तिथेच पुरला गेला, तेव्हा नवऱ्याशेजारी जायचाही प्रश्न नाही.

बदल्यात एक काम कर. उत्तरेच्या भिंतीबाहेर पाण्यासाठी चर खणणार आहेत. माझं लेकरू तिथे आहे. बाप्तिस्म्याआधीच गेलं म्हणून बाबांनी त्याला भिंतीच्या आत येऊ दिलं नाही, आणि खोका घेऊन तू गेलास. नकाशा जोडलाय, पुरलंस तू, तेव्हा नेमकी जागा तूच त्यावर दाखव. अडतीस वर्षं मी तिथे दरवर्षी एक पांढरा खडा ठेवते. त्याच्यावर कुदळ पडायला नको.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी ताई, डेलिया


बॉस्टन
२१ मे १९८७

ती. डेलियाताईस,
जार्लथचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटाच रडलो. तू माझ्यासाठी जागा सोडलीस! बायको गेल्यापासून इथे माझं म्हणावं असं काही उरलं नाही. आता मरायचीसुद्धा धास्ती वाटत नाही. गुडघ्याला गरम पाण्याने शेक, आणि त्या ओल्या गवतात गुडघे टेकणं आता पुरे कर.

नकाशावर फुली मारली आहे. बुजवलेल्या उत्तर दाराखाली, डावीकडून चौथा दगड. तेव्हाही तुला मी तेच दाखवलं होतं. फार उकरू देऊ नकोस, जुनं आहे ते तसंच असू दे. थडग्याचा कागद लवकर पाठव, सही करून उलट टपाली धाडतो.

लोभ असावा, तुझ्याशिवाय मागणार कोणाकडे?
तुझा जार्ली


किलाराथ
१४ जून १९८७

चि. जार्लथ यास, आशीर्वाद.

चराची जागा बदलायच्या आधी मिस लीहीने तुझ्या फुलीवर स्वतः खुरपं चालवलं. मी शेजारी उभी होते. वीतभर माती निघाली आणि खाली दगडी बांधकाम लागलं. हे चर्च बांधलं त्याच्याही आधीचं, याहून रुंद असं दुसरं चर्च तिथे होतं म्हणे, त्याचा पाया. चुन्यात बसवलेला, भिंतीपासून चार हात बाहेर आलेला, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. तिथे उंदराला बीळ करता येणार नाही, आणि तू म्हणे खड्डा खणलास! बाप्तिस्म्याविना गेलेली बाकीच्यांची लेकरं पलीकडे काटेरी झाडाजवळ आहेत, त्यांना कोणी हात लावला नाही.

पोरीला बिचारीला शोध लागल्याचा आनंद झाला होता. माझं तोंड बघून तिने खुरपं खाली ठेवलं.

अडतीस वर्षं मी कोणाच्या डोक्यावर खडे ठेवत होते रे? तळ्यात टाकलंस का? दलदलीत? घाबरून कोणाच्या कुंपणात टाकून पळालास? जे असेल ते लिही. तुझी फुली पुन्हा नको. कागद अजून माझ्याकडेच आहे आणि त्यावर नाव घातलेलं नाही.

डेलिया


बॉस्टन
२९ जून १९८७

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

तळ्यात नाही ग. पहाटे खोका घेऊन मी काटेरी झाडाशी गेलो होतो. खणलं की पाणी भरायचं. दोनदा खणलं, दोनदा भरलं. त्या पाण्यात ठेवायला हात होईना. आई जाऊन दोनच महिने झाले होते, तिच्यावरची माती अजून मऊ होती. मी कमानीखालून आत गेलो आणि खोका आईच्या पेटीवर ठेवला. वर हिरवळ जशीच्या तशी बसवली.

तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी बाबांच्या तोंडावर बोलली असतीस. तुझी जीभ तुला ठाऊक आहे. त्यांनी पाद्र्याला आणून खोका बाहेर काढायला लावला असता. म्हणून तुला भिंतीबाहेर हात दाखवला. खाली पाया आहे हे मला काय माहीत!

बाबा गेल्यावर सांगायला हवं होतं. दर वर्षी ठरवायचो, दर वर्षी आणखी लाज वाटायची. आणि मेमध्ये तुझं पत्र आलं तेव्हा दुसरंच मनात आलं, तेही लिहितो. खरं सांगितलं तर ती जागा तू मला देणार नाहीस, हे मला कळत होतं. म्हणून फुली मारली.

मुलगी होती, ताई. केस काळेभोर. तू कधी विचारलं नाहीस, आणि कोणी तुला पाहू दिलं नाही.

माफ करणं तुझ्या हातात.
जार्लथ


किलाराथ
१३ जुलै १९८७

जार्लथ,

मुलगी होती हे मला साठाव्या वर्षी टपालाने कळलं.

खोका आत ठेवलास, त्याबद्दल तुझा हात धरून रडले असते. पण बाबा जाऊन सव्वीस वर्षं झाली. दर जुलैत मी आईच्या थडग्यावरचं गवत काढायचे, हात धुवायचे आणि मग बाहेर जाऊन त्या दगडावर गुडघे टेकायचे. तीन वेळा सुट्टीला आलास तेव्हा तू शेजारी टोपी काढून उभा राहिलास. पायाखाली काही नाही हे माहीत असून! माझ्याबरोबर प्रार्थनाही म्हटलीस, मेल्या.

एका गोष्टीचं मात्र समाधान आहे. ज्याने तिला भिंतीच्या आत येऊ दिलं नाही, तो सव्वीस वर्षं तिच्या शेजारी हातभर अंतरावर पडलाय.

माझ्यासाठी थडगं खणायला येतील त्या शेजाऱ्यांना मी आत्ताच बजावून ठेवलंय की वरवर खणा, खाली माझं माणूस आहे. सगळे पांढरे खडे टोपलीत भरून आत नेले.

कागद आज मिस लीहीकडे दिला. पहिल्या ओळीत आई, दुसरीत बाबा. तिसरीत मुलगी लिहिली आणि तिला नाव दिलं. ते तुला सांगणार नाही. चौथ्या ओळीत मी.

त्या कागदावर चारच ओळी आहेत.

डेलिया