थोरलीचा पगार

३ मार्च, सोमवार

थोरली जाणार. महिनाअखेरपर्यंतच येईन म्हणाली.

आपल्या पाळणाघरात दोघीच सेविका, थोरली आणि धाकटी. धाकटी अजून शिकतेय. थोरली अकरा वर्षं आहे. कुठलं मूल कशानं रडतंय हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं. आता पलीकडच्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात जातेय, चादरींच्या घड्या घालायला. पगार दीडपट.

"ताई, चादरी रडत नाहीत," म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे खाली होते.

मी तिला थांब कुठल्या तोंडानं म्हणू?

४ मार्च

फी वाढवायची नोटीस लिहिली. दाराला लावणार तोच एक परिचारिका मुलाला घेऊन आली. तिनं माझ्या हातातला कागद उभ्याउभ्याच वाचला. शांतपणे म्हणाली, मग याला घरीच ठेवते, मोठी आहे ना सांभाळायला. मोठी म्हणजे नऊ वर्षांची! तिची शाळा?

नोटीस फाडली.

घरी यांचं म्हणणं, फी वाढवायची नसेल तर मुलं वाढव. एका बाईकडे पंधरा-पंधरा मुलं ठेवतातच की लोक, टीव्ही लावून.

६ मार्च

धाकटीला ताप. थोरली बाळांच्या खोलीत अडकलेली. मोठ्या खोलीत मी एकटी आणि अकरा मुलं.

एकानं दुसऱ्याला चावलं. त्याचा दंड धूत होते तेवढ्यात दोन वर्षांची एक चिमुरडी दिसेना. पलंगाखाली नाही, न्हाणीत नाही. सापडली फाटकापाशी. कडीला हात पुरत नव्हता म्हणून बादली ओढत नेत होती. बाहेर भरधाव रस्ता.

मुलं वाढवायची नाहीत. यांना सांगून टाकलं, हा विषय संपला.

९ मार्च, रविवार

पालकांची सभा. सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन. मी हिशेबाची वही उघडून मध्ये ठेवली. बघा म्हटलं, लपवण्यासारखं काही नाही. सेविकांचे पगार, दूध, वीज, औषधं. उरतं काय ते तुम्हीच सांगा. वही हातोहात फिरली.

मग थोरली उठली. चारचौघांत ती कधी बोलत नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "मुलांवर तुझी माया आहे, मग चार पैसे कमी घे, असं सगळे म्हणतात. माया आहेच. पण घरमालक भाडं मायेनं घेत नाही."

कोपऱ्यातल्या एका परिचारिकेनं विचारलं, ही खोली बंद पडली तर आपल्यातल्या किती जणींना ड्यूटीवर जाता येणार नाही? हात मोजले. एकोणीस मुलांपैकी चौदांच्या आया त्याच रुग्णालयात! मी चौदा वर्षं हे बघतेय आणि एकदाही मोजलं नव्हतं.

१२ मार्च

रुग्णालयाच्या प्रशासकांना भेटले. सेविकांच्या पगाराचा अर्धा भार तुम्ही उचला, म्हटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. "मुलं सांभाळणं हा तुमचा धंदा आहे, आमचा नाही."

ठीक. बघू कोणाचा आहे.

१३ मार्च

ठरलं. सोमवारी पाळणाघर बंद. चौदा जणींनी आजच रजेचे अर्ज दिले. कारण सगळ्यांचं एकच — मूल ठेवायला जागा नाही. पुरेसे दिवस आधी कळवलंय, रुग्णांचे हाल व्हायला नकोत.

१७ मार्च, सोमवार

बंद. अतिदक्षता विभागातल्या दोघींना मात्र मीच कामावर पाठवलं, त्यांची मुलं माझ्या स्वयंपाकघरात खेळली. आजाऱ्यांशी आपलं भांडण नाही.

तिकडे तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या म्हणे. दहा वाजता फोन आला. प्रशासकांचा आवाज एकदम मऊ. उद्या या म्हणाले.

१८ मार्च

आज चहा मिळाला.

पण खरं काम केलं मेट्रनबाईंनी. मुख्य परिचारिका त्या, निवृत्तीला आलेल्या. प्रशासक आकडे काढू लागले तसं त्यांना थांबवून म्हणाल्या, "माझी दोन मुलं शेजारणीनं वाढवली. मी तिला वर्षाला एक साडी दिली. एक साडी! त्याची मला आज लाज वाटते."

प्रशासकांनी आकड्यांचा कागद बाजूला सारला. अर्धे पगार रुग्णालय देणार. थोरलीला धुलाईखान्याइतका पगार, धाकटीलाही त्या मानानं वाढ, फी आहे तेवढीच. अट एक. कुणा एकीच्या खासगी धंद्याला पैसे देता येत नाहीत. संस्था करा, पालक आणि सेविका मिळून, कारभार त्यांच्या हाती.

म्हणजे माझ्या हातचा गेला.

२१ मार्च

संस्थेचे कागद तीन दिवस टेबलावर तसेच पडून आहेत. हे म्हणतात, जागा तुझी, कष्ट तुझे, आणि आता समितीतल्या नऊ जणांना विचारून झाडू आणायचा? खोटं नाही. आईच्या बांगड्या मोडून पहिले पाळणे घेतले होते मी.

दुपारी मुलं झोपल्यावर खोलीत जाऊन बसले. थोरली एकीला थोपटत होती, दुसरा तिच्या पायावर डोकं टाकून झोपलेला. ही खोली चालते ती कुणाच्या जिवावर? पाटीवर नाव माझं आहे, एवढंच.

सही करणार.

३१ मार्च

संस्थेची पहिली बैठक. थोरली अध्यक्ष. पगारपत्रक भरायला बसली, स्वतःचा आकडा लिहिला, धाकटीचा लिहिला. मग पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुमचा पगार किती लिहू?"

चौदा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.